पुण्यात जिरेनियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिरेनियमविषयी प्रश्न माझ्याकडे वर्षातून दोनदा लाटेसारखे येतात. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन झालं की "कोणतं घेऊ?" आणि जूनमध्ये पाऊस लागला की "एवढं छान होतं, अचानक का गेलं?" गेली बरीच वर्षं मी गच्चीत आणि खालच्या लहानशा वाफ्यात ही झाडं वाढवते आहे. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नर्सरीत ज्याला जिरेनियम म्हणतात, तेच खरं जिरेनियम का?

नाही. आपल्याकडे कुंडीत मिळतं ते लाल, गुलाबी, पांढऱ्या झुपक्यांचं झाड म्हणजे पेलार्गोनियम. दोन्ही एकाच कुळातली, पण वेगळ्या प्रजातींची. लिनियसने १७५३ मध्ये दोघांना 'जिरेनियम' या एकाच नावाखाली ठेवलं होतं. १७८९ मध्ये फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञ लेरितिए यांनी पेलार्गोनियम वेगळं काढलं. तोवर लोकांच्या तोंडात जुनं नाव बसलं होतं, ते आजही सुटलेलं नाही. दोन्ही नावं ग्रीक पक्ष्यांवरून आली आहेत, जेरानॉस म्हणजे क्रौंच आणि पेलार्गॉस म्हणजे करकोचा. फूल गळल्यावर तयार होणारी लांब चोचीसारखी शेंग पाहिली की नावाचं कारण लगेच कळतं.

२. मग 'हार्डी जिरेनियम' म्हणजे काय? परदेशी बागांच्या व्हिडिओत सगळीकडे तेच दिसतं.

तेच खरं जिरेनियम. बहुवर्षायू, जमिनीलगत पसरणारं, निळी-जांभळी-गुलाबी पाच पाकळ्यांची फुलं देणारं. यातल्या अनेक जाती हिवाळ्यात वरून पूर्ण वाळून जातात, बर्फाखाली मुळं जिवंत ठेवतात आणि वसंतात पुन्हा फुटतात.

'हार्डी' या शब्दापाशी थोडं थांबायला हवं. पुण्यातले निम्मे घोटाळे इथेच होतात. हार्डी म्हणजे थंडीपुढे कणखर. हे लेबल ज्या देशांत लिहिलं जातं, तिथे झाडाची परीक्षा जानेवारीत असते. आपल्याकडे ती एप्रिल-मेच्या उन्हात आणि त्यानंतर जुलै-ऑगस्टच्या ओलीत असते. उणे १५ अंश सोसणारं झाड आपल्या जुलैत तीन आठवड्यांत कुजू शकतं. उलट बर्फात एका रात्रीत मरणारं पेलार्गोनियम, दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागातून आलेलं असल्यामुळे, आपल्याकडे नीट सांभाळलं तर तीन-चार वर्षं आरामात टिकतं. म्हणजे पुण्यापुरतं 'हार्डी' ठरतं ते पेलार्गोनियमच.

३. माझ्याकडचं कोणतं आहे, हे घरच्या घरी कसं ओळखू?

फूल समोरून बघा. पाचही पाकळ्या सारख्या आकाराच्या आणि सारख्या अंतरावर असतील, तर जिरेनियम. वरच्या दोन पाकळ्या खालच्या तिघींपेक्षा वेगळ्या (आकाराने, रंगाने किंवा रेघांनी) असतील, तर पेलार्गोनियम. दुहेरी पाकळ्यांच्या फुलात हे कळत नाही, तेव्हा खोड बघा. जाड, मांसल आणि जुनं झाल्यावर लाकडासारखं होणारं खोड पेलार्गोनियमचं. बी धरलं असेल तर आणखी सोपं. जिरेनियमची शेंग वाळली की फट्‌कन उलगडून बी दूर फेकते. पेलार्गोनियमच्या बीला पिसासारखी शेपटी असते आणि ते वाऱ्यावर जातं.

४. खरं हार्डी जिरेनियम पुण्यात जगेल का? स्पष्ट सांगा.

हिवाळ्यात वाढेल. वर्षभर टिकेल अशी आशा धरू नका.

कारण दिवसाच्या उन्हापेक्षा रात्रीच्या उकाड्यात आहे. झाड दिवसा अन्न बनवतं आणि रात्री श्वसनात त्यातलं काही खर्च करतं. रात्र जितकी उबदार, तितका खर्च जास्त. डोंगरातल्या या झाडांना रात्री गारवा लागतो. पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्री १० ते १५ अंशांच्या आसपास असतात, तेव्हा ती खूश असतात. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत किमान तापमान बहुतेक वेळा २० च्या वरच राहतं. झाड कमावतं त्याहून जास्त खर्च करत राहतं आणि अशा अशक्त अवस्थेत त्याच्यावर पाऊस येऊन पडतो.

मी सँग्विनियम ही जात दोनदा बियांपासून केली. ही जात इतर बहिणींच्या मानाने ऊन आणि कोरडेपणा जास्त सोसते. दोन्ही वेळा दिवाळीनंतर पानांचा सुंदर गोल झाला आणि फेब्रुवारीत थोडी किरमिजी फुलंही आली. पहिल्या वेळी झाड मेमध्ये गेलं. दुसऱ्या वेळी सावलीत ठेवून जूनपर्यंत ओढलं, पण जुलैत मुळाशी काळं पडलं. तरीही ते तीन महिने मला प्रिय आहेत. हौस असेल तर हंगामी झाड समजून जरूर लावा, फक्त बागेचा कायमचा कोपरा त्याच्या भरवशावर आखू नका. कायमच्या कोपऱ्यासाठी प्रश्न १८ पाहा.

५. व्हॅली ऑफ फ्लॉवर्सच्या ट्रेकला निळं-जांभळं जिरेनियम पाहिलं. ते तर भारतातलंच, मग इथे का नाही येणार?

भारतातलं खरं, पण तीन हजार मीटरच्या वरचं. पुणे ५६० मीटरवर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे दिसणाऱ्यांपैकी एक असतं वॉलिचियानम. वनस्पतीशास्त्रज्ञ नाथानिएल वॉलिच यांच्या नावाची ही जात काश्मीरपासून नेपाळपर्यंत पसरली आहे. तिथेही ऑगस्टमध्ये पाऊस असतो हे खरं, पण पाणी उतारावरून वाहून जातं, हवा थंड असते आणि नंतर काही महिने सगळं बर्फाखाली झोपतं. ती झोप आपण कुंडीत देऊ शकत नाही.

आणि हे कळकळीने सांगते: तिथून रोप किंवा मूळ उपटून आणू नका. ते राष्ट्रीय उद्यान आहे, २००५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि उपटलेलं झाड पुण्यात पोहोचून मरणारच आहे.

६. लेक इंग्लंडमध्ये असते. तिच्या बागेतल्या 'रोझॅन' या हार्डी जिरेनियमची मुळं बॅगेतून आणली तर?

हा प्रश्न पुण्यात फार येतो. आई-बाबा उन्हाळ्यात तीन महिने तिकडे राहून येतात आणि त्या निळ्या फुलांवर जीव जडतो. तरी आणू नका. परदेशातून रोपं, मुळं, बी आणण्यासाठी २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार आयात परवाना आणि तिथल्या सरकारी यंत्रणेचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. मुळांना चिकटलेल्या चिमूटभर मातीतूनही नवी कीड देशात येऊ शकते. हा नियम शेतकऱ्यांच्या पिकांसाठी आहे आणि तो पाळायला हवा.

रोझॅनची गोष्ट मात्र आपल्याला जवळची आहे. १९८९ च्या सुमारास सॉमरसेटमधल्या वॉटरर दांपत्याच्या घरच्या बागेत हा संकर आपोआप उगवलेला सापडला आणि त्याला रोझॅन वॉटरर यांचं नाव मिळालं. त्याचे दोन्ही पालक हिमालयातले: हिमालयेन्से ही जात आणि वॉलिचियानमचा एक प्रकार. २०१३ मध्ये चेल्सी फ्लॉवर शोच्या शताब्दीला त्याला 'शतकाचं झाड' हा मान मिळाला. रोझॅन वांझ आहे, त्यामुळे तिचं बी मिळत नाही. 'रोझॅन सीड्स' म्हणून कोणी विकत असेल तर पैसे घालवू नका.

७. दुसऱ्या हार्डी जातींचं बी मिळालं, पण रुजत नाही. काय चुकतंय?

बहुतेक वेळा दोन गोष्टी: कवच आणि थंडी. बी कठीण असतं, म्हणून बारीक सँडपेपरवर हलकेच घासा आणि रात्रभर पाण्यात ठेवा. मग ओलसर वाळूत मिसळून, डबी बंद करून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात चार ते सहा आठवडे ठेवा. फ्रीझरमध्ये नको. ऑगस्टच्या शेवटी फ्रिजमध्ये गेलं तर दसऱ्याच्या सुमाराला पेरता येतं आणि रोपाला पूर्ण हिवाळा मिळतो. मार्चमध्ये पेरू नका.

८. ठीक, पेलार्गोनियमच घेते. कोणतं आणि केव्हा?

बाजारात साधारण चार प्रकार दिसतात. गोल पानावर गडद पट्टा असलेलं झोनल हे नवख्यांसाठी सगळ्यात भरवशाचं. आयव्ही प्रकाराची पानं चकचकीत आणि फांद्या लोंबत्या असतात. टांगत्या कुंडीत देखणं दिसतं, पण उकाड्याचा त्रास त्याला जास्त होतो. रीगल प्रकाराची फुलं मोठी, मखमली डागांची, पाहताक्षणी घ्यावीशी वाटणारी, पण त्याची अडचण प्रश्न १२ मध्ये आहे. चौथं सुवासिक पानांचं, त्याची फुलं लहान पण पान चुरगळलं की गुलाबाचा वास.

खरेदी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये करा. सोलापूर रस्त्याला हडपसरपासून उरुळी कांचनपर्यंत रोपवाटिकांची रांग आहे, एक सकाळ काढून जा. फुलांनी भरलेलं उंच रोप घेऊ नका. बुटकं, तीन-चार फांद्यांचं आणि कळ्या मिटलेल्या असलेलं घ्या. पान उलटून बघा आणि खोड मातीलगत बोटांनी दाबा. तिथे मऊ लागलं तर किती स्वस्त असलं तरी परत ठेवा. महाबळेश्वर-पाचगणीच्या सहलीतून आणलेलं रोप इथे आल्यावर रुसतं अशी तक्रार असते. आठवडाभर सावलीत ठेवून हळूहळू उन्हात काढलं तर बहुतेक सावरतं.

९. माती आणि कुंडी कशी हवी?

नर्सरीतलं रोप बरेचदा निव्वळ कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुश्यात) असतं. हिवाळ्यात चालतं, पण पावसाळ्यात तोच स्पंज मुळांभोवती पाणी धरून बसतो. घरी आणल्यावर आठवड्याने कुंडी बदला आणि जमेल तेवढं कोकोपीट हलक्या हाताने झटकून टाका.

माझं मिश्रण: दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा, वर मूठभर निंबोळी पेंड. नदीची वाळू हल्ली घेऊ नये आणि मिळतही नाही. बांधकामाची क्रश सँड चालते, पण दोन-तीनदा धुऊन घ्या, नाहीतर तिची भुकटी मातीत सिमेंटसारखी बसते. काळी माती अजिबात नको.

कुंडी मातीची आणि आठ इंची पुरते. मोठ्या कुंडीत मुळांपेक्षा माती जास्त राहते आणि ती वाळत नाही. बंगल्याच्या बागेत जमिनीत लावायचं असेल तर वाफा किमान वीतभर उंच करा, खाली विटांचे तुकडे घाला.

१०. ऊन किती? आमची बाल्कनी पश्चिमेची आहे.

सकाळचं चार-पाच तास ऊन सगळ्यात उत्तम, म्हणून पूर्वेची बाल्कनी असलेले नशीबवान. पश्चिमेला होळीपर्यंत काही करायला नको. होळीनंतर ५० टक्क्यांची हिरवी जाळी लावा आणि कुंड्या तापलेल्या भिंतीपासून हातभर दूर सरकवा. उन्हाळ्यात पाणी सकाळी द्या. फक्त उत्तरेची बाल्कनी असेल तर पानं येतील, पण फुलं मागू नका.

११. वर्षभर उत्तम होतं आणि पाऊस सुरू झाल्यावर आठ दिवसांत कुजलं. असं का होतं आणि कसं वाचवायचं?

पुण्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये मोजला तर फार नाही, वर्षाला साधारण ७५० मिमी. महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या पुढे जातो. आपला त्रास प्रमाणाचा कमी आणि सातत्याचा जास्त. जुलैत दहा-दहा दिवस भुरभुर, ऊन नाही, हवा ओली. माती वाळायला उसंतच मिळत नाही. मुळं हवेवाचून गुदमरतात, मग बुरशी शिरते आणि खोड मातीपासून वर काळं पडत जातं. काळेपणा दिसला तेव्हा खालची मुळं आधीच गेलेली असतात. त्या अवस्थेत औषध ओतून उपयोग नाही. वरची हिरवी टोकं कापून नवी रोपं करणं हाच एक मार्ग उरतो.

माझ्या पहिल्या वर्षी सहाच्या सहा कुंड्या एका जुलैत गेल्या. सगळ्यांखाली ताटल्या होत्या. तेव्हापासून हे नेमाने करते:

रोहिणीचा वळीव पडला की ताटल्या काढायच्या आणि प्रत्येक कुंडी विटांच्या दोन तुकड्यांवर ठेवायची. मृगाआधी झाड एक तृतीयांश छाटायचं, आतल्या गर्दीच्या फांद्या काढायच्या, म्हणजे वारं खेळतं. कुंड्या छपराखाली, पण उजेडात. बंद खोलीत नको. पाणी वाराप्रमाणे घालायचं नाही. कुंडी उचलून बघायची आणि हलकी लागली तरच घालायचं. जुलैत माझ्या काही कुंड्यांना बारा-बारा दिवस पाणी लागत नाही. जून ते ऑगस्ट खत बंद.

आता अपवाद. पानावर देठाकडे निमुळता होत जाणारा, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा पिवळा पट्टा पडून झाड माना टाकत असेल, तर तो जिवाणूजन्य करपा आहे. त्याची कटिंग्जही लावू नका, रोगही सोबत जातो. मातीसकट झाड टाका, कात्री स्पिरिटने पुसा. पानाखाली तपकिरी भुकटीची वर्तुळं दिसली तर तो तांबेरा. तेवढी पानं काढा आणि पाणी पानांवर पडू देऊ नका. आयव्ही प्रकारात पानाखाली खरखरीत फोड येतात, तो रोग नाही. मुळांनी जास्त पाणी ओढल्याने पेशी फुटतात, पाणी कमी केलं की नवी पानं स्वच्छ येतात.

१२. पानं भरपूर आहेत, पण फुलं थांबलीत. काय देऊ?

आधी महिना सांगा. मे ते सप्टेंबर असेल तर काही देऊ नका, झाड सुट्टीवर आहे. हिवाळ्यात थांबली असतील तर ऊन कमी आहे, किंवा शेणखत जास्त झालं आहे, किंवा वाळलेले झुपके तसेच राहिलेत. झुपका वरून खुडू नका. दांड्याच्या बुडाशी धरून बाजूला वाकवा, सांध्यापाशी टचकन सुटतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पंधरा दिवसांनी १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरमागे एक-दोन ग्रॅम पुरतं.

रीगल प्रकाराची गोष्ट वेगळी. त्याला कळी धरायला काही आठवडे सलग गारवा लागतो. विकत घेतलं तेव्हा त्यावर असलेली फुलं थंड ठिकाणी धरलेली असतात. पुण्यात थंडी चांगली पडली त्या वर्षी ते पुन्हा फुलतं, उबदार हिवाळ्यात नाही. तुमचं काही चुकलेलं नसतं.

१३. झाड वर्षानुवर्षं टिकवायचं तर कटिंग कधी आणि कसं करायचं?

माझ्या मते पुण्यात पेलार्गोनियम बहुवर्षायू होतं ते कटिंगमुळेच. मूळ झाड तीन-चार वर्षांनी लाकडी आणि उघडंबोडकं होतं, पण त्याचीच फांदी नव्याने सुरू झालेली असते. माझ्याकडचं एक जुनं तांबडं झोनल असंच पिढ्यांमागून पिढ्या चालत आलंय.

मुख्य हंगाम दसरा ते संक्रांत. फूल नसलेली आठ-दहा सेंटिमीटरची कोवळी पण घट्ट फांदी पेराच्या खालून कापा. वरची दोन-तीन पानं ठेवून बाकी काढा. आता महत्त्वाचं: लगेच लावू नका. तीन-चार तास सावलीत तशीच पडू द्या, काप सुकला पाहिजे. मग वाळू आणि कोकोपीट समसमान घेऊन त्यात खोचा, एकदा पाणी द्या आणि उजेडाच्या सावलीत ठेवा. वर पिशवी झाकू नका. गुलाब-जास्वंदीला चालतं, याला कुजवतं. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात, मुळं फुटायच्या पावडरची गरज पडत नाही.

फेब्रुवारीत विम्यासारखी आणखी दोन कटिंग्ज करून ठेवा. लहान कुंडीतलं तरुण रोप पावसाळा जुन्या झाडापेक्षा चांगला काढतं, असा माझा अनुभव आहे. प्रश्न ११ मधली आणीबाणीची कटिंग्ज मात्र निव्वळ वाळूतच लावा.

१४. पानांचा रंग बदललाय. पिवळी, पांढुरकी, लाल... काय समजायचं?

एप्रिल-मेमध्ये शेंड्याची नवी पानं पांढुरकी येत असतील तर तो उकाड्याचा परिणाम आहे. सावली द्या, गारवा आला की नवी पानं हिरवी येतात. जानेवारीच्या कडाक्यात कडा लाल झाल्या तर थंडीमुळे, काळजी नको. थंडी नसताना लाल होत असतील तर स्फुरद कमी आहे. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसत असेल आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर धरला असेल, तर बोअरिंगच्या किंवा टँकरच्या जड पाण्यामुळे लोह मिळत नाहीये. महिन्यातून एकदा नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढा. खालचं एखादं जुनं पान पिवळं पडणं नेहमीचंच.

१५. केळीच्या आणि कांद्याच्या सालींचं पाणी घालू का?

नको. या झाडाला सतत ओली, आंबूस माती मानवत नाही, शिवाय चिलटं होतात. साली कंपोस्टमध्ये टाका आणि तयार खत दसऱ्याला द्या.

१६. हे लावलं की डास पळतात म्हणे?

'मॉस्किटो प्लांट' म्हणून सुवासिक पेलार्गोनियम विकलं जातं. नुसतं बाल्कनीत ठेवून डास दूर राहत नाहीत, हे प्रयोगांत दिसलं आहे. वासासाठी जरूर लावा, पण डेंग्यूच्या दिवसांत त्याच्यावर विसंबू नका. कुंडीखालच्या ताटलीतल्या स्वच्छ पाण्यातच तो डास वाढतो, म्हणून प्रश्न ११ मधला ताटल्या काढण्याचा नियम तुमच्या घरासाठीही आहे.

नगर-पुणे भागातले शेतकरी तेलासाठी जे जिरेनियम लावतात, तेही सुवासिक पेलार्गोनियमच. त्याच्या पाल्याचं ऊर्ध्वपातन करून तेल काढतात. एका कुंडीच्या पाल्यातून घरी तेल निघणार नाही.

१७. घरात मांजर आहे. विषारी आहे का?

खरं जिरेनियम सुरक्षित मानलं जातं. पेलार्गोनियम मात्र मांजर आणि कुत्र्यांना बाधतं: उलटी, भूक मरणं, कातडीची आग. मांजर पानं चावत असेल तर टांगती कुंडी करा. चावून उलट्या झाल्या तर पशुवैद्याकडे न्या आणि झाडाचं नाव सांगताना 'पेलार्गोनियम' सांगा. नुसतं 'जिरेनियम' म्हटलं तर गैरसमज होऊ शकतो.

१८. सगळं पटलं. पण मला झाडांखाली पसरणारी निळी फुलंच हवी आहेत, कायमची. काय लावू?

उन्हाच्या कडेला ब्ल्यू डेज लावा. आपल्या माळरानावरच्या विष्णुक्रांतीची ही परदेशी बहीण. सकाळी उघडतं, दुपारनंतर मिटतं, छाटलं की पुन्हा गच्च होतं. थोडी उंची हवी असेल तर निळा चित्रक, त्याचा आकाशी रंग रोझॅनच्या सगळ्यात जवळ जातो. जमिनीत लावला की फार लाड मागत नाही, फक्त पसरतो म्हणून वर्षातून एकदा कडक छाटा. अर्धवट सावलीत आपली जांभळी-निळी कोरांटी. पावसाळ्यात वाढते आणि पाऊस ओसरल्यावर, नेमकं बाकीची बाग दमलेली असताना फुलते. त्या तिघांच्या पुढे, कडेने, हिवाळ्यापुरत्या झोनलच्या कुंड्या मांडा आणि मृगाआधी उचलून छपराखाली न्या.